गडद भिंत काही लपवत नाही

पुण्याच्या उपनगरांतला 1965 ते 1985 या काळातला बंगला फाटकातूनच ओळखू येतो. काळ्या दगडाचं दोन-अडीच फूट उंच जोतं, अंगणात शहाबादी फरशी, पुढे अर्ध्या भिंतीचा व्हरांडा आणि त्याच्या लोखंडी ग्रिलमध्ये उगवत्या सूर्याचे किरण. आत करड्या-पांढऱ्या मोझॅकची जमीन, सागवानी चौकटी, नऊ इंची विटांच्या भिंती, डोक्यावर दहा फुटांवर स्लॅब. 12 जुलै 1961ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांमधली घरं गेली, आणि पूरग्रस्तांसाठी सहकारनगर, गोखलेनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. पुढच्या वीस वर्षांत सोसायट्यांचे प्लॉट कोथरूडपर्यंत पसरले. ती घरं बांधणाऱ्या पिढीनं पैसा जपून वापरला, पण जिथे वापरला तिथे माल चांगला घातला.

आता ही घरं मुलांच्या, नातवंडांच्या हाती आली आहेत. जी पाडली जात नाहीत त्यांचं नूतनीकरण होतं, आणि बहुतेक वेळा ते एकाच ठशाचं असतं. मोझॅकवर चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल, वर पीओपीचं छत, भिंतींना सायीचा रंग, सागवानी खिडक्यांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची सरकती तावदानं. घर स्वच्छ दिसतं आणि कुणाचंच वाटत नाही. याचं वाईट वाटतं, कारण याच घरांना ठसठशीत रंग, नक्षीची फरशी, पितळी कड्यांचा झोपाळा सहज शोभतो. खोल्यांना उंची आहे, भिंतींना जाडी आहे, खिडक्यांना खोली आहे.

अडचण एकच. सायीचा रंग भिंतीचे दोष पोटात घालतो. मोरपिशी किंवा आमसुली रंग ते चव्हाट्यावर आणतो. ओलीचा डाग, गिलाव्याची लाट, वायरिंगच्या खाचेवरची केसाएवढी भेग, पुट्टीवर पॉलिश पेपरनं उठलेला ओरखडा, सगळं दिसतं. म्हणून रंग लागतो शेवटी, पण ठरवायचा असतो सगळ्यात आधी. त्याखालचं प्रत्येक काम किती चोख व्हायला हवं हे त्या रंगावरून ठरतं.

रंग निवडायला शेड कार्ड हे तोकडं साधन आहे. दोन इंची तुकड्यावरून बारा फुटी भिंतीचा अंदाज येत नाही. त्यापेक्षा घरातलं साड्यांचं कपाट उघडावं. पैठणी, इरकल, खण यांच्यात आपल्या डोळ्याला पिढ्यान्‌पिढ्या सवयीचे झालेले जोड आहेत. अंग एका रंगाचं, काठ दुसऱ्या, आणि दोन्ही तितकेच जोरकस. घरात भिंत म्हणजे अंग आणि चौकट, स्कर्टिंग, ग्रिल म्हणजे काठ. गडद भिंतीला पांढरीशुभ्र चौकट दिली की भिंत तुकड्यातुकड्यांत दिसते. तीच चौकट डाळिंबी केली किंवा सागवान उघडं ठेवलं, की मोरपिशी अंगाला काठ लागल्यासारखा वाटतो. एका खोलीत एक अंग आणि एक काठ पुरे. तिसरा जोरकस रंग उशीच्या अभ्र्यावर आणावा, तो उद्या बदलता येतो.

नमुना भिंतीवर लावू नये. आजूबाजूच्या जुन्या फिक्या रंगामुळे तो प्रत्यक्षापेक्षा जास्त काळपट दिसतो, आणि त्या ठिगळाची कड पुढे शेवटच्या हाताखालूनही उठून दिसते. तीन फूट बाय तीन फूट हार्डबोर्डवर दोन हात मारावेत आणि तो बोर्ड दोन दिवस खोलीभर फिरवावा. सकाळी, दुपारी चारला, आणि रात्री दिव्याखाली. रात्रीची परीक्षा सर्वांत महत्त्वाची. 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली डाळिंबी रंग तपकिरी होतो आणि शेवाळी राखाडी. पिवळसर उजेडाचे, 2700 ते 3000 केल्विनचे, आणि रंग किती खरा दिसतो हे सांगणारा सीआरआय 90च्या वर असलेले दिवे घेतले तर दोन्ही रंग जिवंत राहतात.

दिव्यांचा हिशेबही इथेच करायचा, कारण पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला साधारण 80 टक्के परत देते आणि गडद भिंत जेमतेम 10 टक्के. बारा बाय बारा फुटांची खोली म्हणजे 13.4 चौरस मीटर. बसाय-बोलायला 150 लक्स, म्हणजे चौरस मीटरला 150 ल्युमेन उजेड धरला तर कागदावर 2,000 ल्युमेन होतात, पण गडद खोलीत 3,500 ते 4,000 बसवावे लागतात. तेही छताच्या मधोमध एकाच दिव्यातून नाही. पाच-सहा जागी, खालच्या उंचीवर, भिंतीलगत. एवढे पॉइंट लागणार हे भिंत फोडायच्या आधी कळलं नाही तर रंग झाल्यावर पुन्हा छन्नी लागते, आणि गडद भिंतीवरचं ठिगळ कधीच एकजीव होत नाही.

मग घर बघायचं, आणि ते बघायचं भर पावसात, आषाढ-श्रावणात. उन्हाळ्यात जुनं घर शहाण्यासारखं वागतं. पावसात कळतं की ओल नेमकी कुठून येते. जमिनीपासून तीन फुटांपर्यंत चढलेला, वरच्या कडेला पांढऱ्या क्षाराची (लोणा) रेघ असलेला पट्टा म्हणजे जोत्यातून चढणारी ओल. त्या काळच्या अनेक घरांत जोत्यावर ओल अडवणारा थर नाही किंवा आता निकामी झाला आहे. खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून उतरणारे डाग म्हणजे छज्जाचा उतार आत आला आहे किंवा चौकटीभोवतीचा गिलावा सुटला आहे. छतावरचे गोल डाग गच्चीचे, आणि न्हाणीघराच्या पाठच्या भिंतीवरची बारमाही ओल नळाची. शंका असेल तिथे एक फूट प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपनं चिकटवून दोन दिवस ठेवावा. भिंतीकडच्या बाजूला दव जमलं तर पाणी भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला जमलं तर खोलीतली हवा कोंदट आहे आणि खिडकी उघडणं हाच उपाय.

चढत्या ओलीवर डॅम्पप्रूफ रंग मारणं, टाइल लावणं, लाकडी पॅनेल ठोकणं हे तिन्ही उपाय एकच चूक करतात. पाण्याला बाहेर पडायची वाट बंद झाली की ते आणखी वर चढतं, आणि तीन फुटांवरची ओल दोन वर्षांत पाच फुटांवर येते. ओलीच्या रेघेच्या वर आणखी फूटभर गिलावा काढावा, विटांमधले सांधे अर्धा इंच खोल खरवडावेत, लोणा कोरड्या ब्रशनं झाडून घ्यावा (पाण्यानं धुतला तर क्षार परत आत जातात), बाहेरच्या बाजूला जोत्याला चिकटलेली मातीची भर आणि कुंड्या हटवाव्यात, आणि भिंत उघडी सोडावी. वाळायला किती वेळ लागतो? जाडीच्या एका इंचाला साधारण एक महिना असा ढोबळ हिशेब आहे. पुण्याच्या फाल्गुन-चैत्राच्या कोरड्या हवेत तो काळ घटतो, पण तीन आठवड्यांत भिंत वाळली असं सांगणाऱ्याचं ऐकू नये. खालच्या पट्ट्याला पुन्हा गिलावा करताना चुन्याचा करावा. तो वाफ बाहेर सोडतो, सिमेंटचा कोंडतो.

यातून कामाचं वेळापत्रक आपोआप तयार होतं. पाहणी श्रावणात. तोडफोड दिवाळीनंतर. गिलावा, वायरिंग, नळकाम मार्गशीर्ष-पौषात. भिंती वाळतात तोवर जमिनीच्या लाद्या-फरशांची बसवणी आणि सुतारकाम. रंग एप्रिल-मेमध्ये, आणि गच्ची 7 जूनच्या मृगाआधी पूर्ण. गच्चीचा कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा आणि मसाल्याचा थर, करताना उतार 100ला 1 हवा, कठड्याच्या कोपऱ्यात गोल वाटा (मसाल्याची गोलाई) हवा, आणि त्यावर पांढरा चायना मोझॅक. फुटक्या पांढऱ्या टाइलच्या त्या नक्षीचं सौंदर्य कुणी बघत नाही, पण ती ऊन परत फेकते आणि वरच्या मजल्यावरचा पंखा गरम वारा फेकायचा थांबतो. काम झालं की पाणी साठवून 72 तास ठेवावं. 24 तासांत चाचणी उरकणाऱ्या गच्चीचं गळणं पहिल्या मोठ्या पावसात कळतं, तेव्हा खालच्या खोलीचा रंग झालेला असतो.

तोडफोडीत सगळ्यांची नजर हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीवर असते. या बंगल्यांत बहुतेक वेळा कॉलम नसतात. स्लॅब थेट नऊ इंची भिंतीवर बसलेला असतो. अशी भिंत म्हणजे पडदा नाही, तो खांबच आहे. ती अख्खी काढू नये. दोन्ही टोकांना निदान नऊ इंचांचे भाग ठेवून सहा ते आठ फुटांचं दार काढता येतं, पण त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा नकाशा आणि महापालिकेची परवानगी दोन्ही हवं. क्रम असा: स्लॅबला दोन्ही बाजूंनी लोखंडी ठेपे, मग भिंतीच्या एका बाजूनं अर्ध्या जाडीत खाच पाडून एक स्टील बीम, तो काँक्रीटच्या उशीवर दोन्हीकडे आठ-नऊ इंच टेकवून वरची फट पक्की भरली की दुसऱ्या बाजूचा बीम, आणि सगळ्यात शेवटी खालच्या विटा. ठेपे घाईनं काढले की वरच्या मजल्याच्या मोझॅकवर तिरकी भेग उमटते. राडारोड्याचा अंदाज लोक नेहमी कमी धरतात: शंभर चौरस फूट नऊ इंची भिंत म्हणजे 75 घनफूट घट्ट विटकाम, ते फुटल्यावर फुगून एक ब्रासच्या (100 घनफूट) वर जातं. ट्रक आधी ठरवावा, नाहीतर तो ढीग अंगणातल्या आंब्याच्या बुंध्यावर महिनाभर बसतो.

वायरिंग नवीनच करायचं, यावर चर्चा नको. त्या काळच्या घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा आणि अर्थिंगशिवायचे पॉइंट सर्रास आहेत. दिव्यांना 1.5 चौरस मिलिमीटर, प्लगना 2.5, गीझर आणि एसीला 4 अशी तांब्याची तार, आणि विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. रंगाच्या दृष्टीनं महत्त्वाच्या आहेत त्या खाचा. नऊ इंची भिंतीत उभी खाच जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत चालते, आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको, म्हणजे दीड इंच. खाच मशीननं मारावी. छन्नीच्या ठोक्यांनी आजूबाजूचा जुना गिलावा विटेपासून सुटतो आणि सहा महिन्यांनी फुगतो. खाच भरताना एका दमात वरपर्यंत भरली की मसाला आकसतो आणि दोन्ही कडांना भेग जाते. दोन थरांत भरावी, वर खाचेच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच पसरेल अशी चिकन मेश (बारीक तारेची जाळी) ठोकून मग गिलावा. जुन्या विटेला नवं काँक्रीट भेटतं तिथेही हेच.

आता जमीन. या घरांमध्ये कुणी मोझॅकवर टाइल टाकायला निघालं की थांबवावंसं वाटतं. मोझॅकची लादी 20 ते 22 मिलिमीटर जाड असते आणि तिचा संगमरवरी चिपांचा वरचा थर पाच-सहा मिलिमीटरचा. एका घासाईत साधारण एक मिलिमीटर जातो, म्हणजे पन्नास वर्षं वापरलेल्या जमिनीतही अजून दोन-तीन जन्म शिल्लक असतात. शिवाय टाइलवर टाइल टाकली की जमीन पाऊण इंच वर येते, दारं खालून कापावी लागतात, उंबरे बुडतात, आणि जिन्याची पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी होते. रोज तिच्यावर कुणीतरी अडखळतं.

मोझॅक परत आणायची रीत अशी. आधी प्रत्येक लादी लाकडी दांड्यानं ठोकून बघायची. पोकळ वाजणाऱ्या खडूनं खुणावून उचलायच्या आणि खाली मसाला भरून परत बसवायच्या. फुटक्या लाद्यांच्या जागी त्याच घरातल्या लाद्या वापरायच्या, म्हणजे ओट्याखालच्या किंवा कपाटाखालच्या काढून. बाजारातली नवी लादी कधीच जुळत नाही, कारण चिपांची खाण आणि सिमेंटची छटा दोन्ही बदललेलं असतं. मग पांढरं सिमेंट आणि जुळणारा रंग यांची पातळ लापशी करून छिद्रं आणि सांधे भरायचे आणि तीन दिवस ओलं ठेवायचं. घासाई पाणी सोडून मशीननं: 60 किंवा 80 नंबरचा दगड, मग 120, मग 220, शेवटी 400. मधला नंबर गाळला तर वरचा दगड खालचे ओरखडे काढू शकत नाही आणि चकाकी आल्यावर जमिनीवर चक्राकार रेघा दिसतात. शेवटी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पूड, चौरस मीटरला साधारण 33 ग्रॅम, पाणी शिंपडून नमद्यानं (लोकरीच्या जाड कापडानं) रगडायची.

या कामात सर्वांत महाग चूक जमिनीवर होत नाही, मोरीत होते. घासाईचा गाळ म्हणजे सिमेंट आणि संगमरवराची भुकटी. तो मोरीच्या तोंडाशी असलेल्या नहाणी ट्रॅपमधून वाहू दिला तर पाइपच्या वळणात थिजतो आणि महिन्याभरात न्हाणीघराचं पाणी तुंबतं. मोरीची तोंडं आधी कापडानं बंद करून गाळ सुपलीनं बादलीत भरावा, बादलीत तो बसू द्यावा, वरचं पाणी झाडांना न घालता बाहेर सांडावं, आणि खालचा गोळा राडारोड्यात टाकावा. दुसरी गोष्ट, मशीनचं पाणी भिंतीवर सहा इंचांपर्यंत उडतं. म्हणून जमिनीची घासाई प्रायमरनंतर आणि रंगाच्या शेवटच्या हाताआधी.

मोझॅक ही शांत जमीन आहे. घराला जोर हवा असेल तर एक जागा निवडावी आणि तिथे नक्षीच्या सिमेंट फरशा घालाव्यात. व्हरांडा, किंवा दारातून आत आल्यावरचा चौक, किंवा देवघरापुढची जागा. या फरशा भाजलेल्या नसतात. पितळी साच्याच्या खणांत पांढरं सिमेंट, संगमरवरी भुकटी आणि रंग यांची लापशी ओतायची, वर कोरडं सिमेंट-वाळूचं मिश्रण, मग पाठीचा थर, आणि प्रेसखाली दाबून पाण्यात पिकवायच्या. रंगाचा थर पाच-सहा मिलिमीटरचा असल्यानं नक्षी झिजून जात नाही. मुंबईत 1922 साली सिधवा कुटुंबानं भारत फ्लोअरिंग टाइल्स सुरू केली ती स्वदेशीच्या भरात, परदेशी फरशांना इथली तोड म्हणून. गिरगाव-दादरच्या जुन्या घरांत शिरलं की पायाखाली अशा फरशा भेटतात.

आठ इंची फरशी म्हणजे 0.44 चौरस फूट. शंभर चौरस फुटांना 225 लागतात, कापाकापी धरून 250 मागवाव्यात, आणि उरलेल्या माळ्यावर जपून ठेवाव्यात. हाताच्या मालात छटा थोडी हलतेच, म्हणून चार खोक्यांतल्या मिसळून आधी कोरड्या मांडून बघायच्या. मांडणी मधून बाहेर करायची, म्हणजे कापलेले तुकडे चारही भिंतींना सारखे येतात. जुन्या घराची खोली काटकोनात क्वचित असते, आणि किनारीची पट्टी असेल तर तो तिरपेपणा किनारीच्या बाहेर साध्या फरशीत जिरवावा. बसवताना रबरी हातोडीचे दणके नकोत, या फरशीला त्यानं केसासारख्या भेगा जातात. हातानं दाबून बसवायची. सांधा दीड-दोन मिलिमीटर, आणि फरशीची छिद्रं बंद करणाऱ्या सीलरचा पहिला हात देईपर्यंत गडद ग्राउट (सांध्यात भरायचा मसाला) वापरायचं नाही. न सील केलेली फरशी ते पिऊन घेते आणि प्रत्येक फरशीभोवती काळपट चौकट उमटते. पांढरा क्षार वर आला तर घाबरू नये, कोरड्या ब्रशनं काढत राहावं. अ‍ॅसिडनं धुतलं तर क्षारासोबत रंगही जातो. लिंबू आणि टॉयलेट क्लीनर यांनाही हाच नियम. स्वयंपाकघरात या फरशा घालू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. हळदीचा डाग त्यांतून निघत नाही, आणि स्वयंपाकघरात सतत धास्तीनं वावरावं लागलं तर फरशी कितीही सुंदर असून काय उपयोग?

खिडक्यांबद्दल थोडं. पन्नास वर्षांपूर्वीचं सागवान आज त्या दर्जाचं सहज मिळत नाही. दोन रुळांच्या सरकत्या खिडकीत निम्मीच जागा उघडते. झडपांच्या जुन्या खिडकीत सगळी. म्हणजे सरकती खिडकी लावताना घराचा निम्मा वारा आपण देऊन टाकतो. भिंतीला टेकलेली चौकट वाळवीसाठी स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघावी, बिजागऱ्या बदलाव्यात, जुन्या ऑइल पेंटचे थर काढावेत. मात्र हे थर कोरडे घासू नयेत आणि हीट गननं जाळू नयेत. भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाखांत 90 भाग) झाली ती 2017च्या नोव्हेंबरपासून. त्याआधीच्या थरांत शिसं असणार असंच धरून चालावं. पेंट रिमूव्हर किंवा ओलं खरवडणं, खाली प्लास्टिक, तोंडाला चांगला मास्क, आणि त्या दिवसांत लहान मुलं घरात नकोत. भिंतींच्या जुन्या थरांनाही हेच लागू. आणि ग्रिल विकू नये. गंज काढून रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर काठाचा रंग दिला की उगवत्या सूर्याची ती नक्षी घराचा सगळ्यात देखणा दागिना ठरते.

झोपाळा हवा असेल तर तो गच्चीच्या कोब्याआधी ठरवायचा. पाच फुटी सागवानी पाट, कड्या आणि तीन मोठी माणसं मिळून अडीचशे किलो होतात. झोक्याचा धक्का धरून त्याच्या दुप्पट. तो चारही हुकांवर सारखा वाटला जात नाही, म्हणून प्रत्येक हुक एकटा अडीचशे किलो पेलेल असाच हवा. जुन्या चार-पाच इंची स्लॅबला नुसते अँकर बोल्ट ठोकले तर खालचं काँक्रीट खपलीसारखं निघतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत स्टीलचा आडवा चॅनल टेकवून हुक त्याला घ्यावेत, किंवा स्लॅबच्या आरपार बोल्ट काढून वर पत्र्याची जाड प्लेट बसवावी. ही प्लेट कोब्याखाली जाते, आणि म्हणूनच क्रम महत्त्वाचा. पाट जमिनीपासून अठरा इंचांवर, पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळे. मागच्या भिंतीला पाटाची कड कधी ना कधी लागणारच, तर त्या भिंतीला गडद मॅट रंग नको.

आता ती भिंत. नवा गिलावा निदान सात दिवस पाणी मारून आणि अठ्ठावीस दिवस वाळवून मगच रंगाला घ्यायचा. ताज्या सिमेंटचा क्षार लाल-पिवळे रंग खातो. जुना चुना किंवा डिस्टेंपर खरवडून गिलाव्यापर्यंत यायचं, नाहीतर पुट्टी त्याच्यासकट पापुद्र्यासारखी सुटते. दोन मीटरची सरळ पट्टी भिंतीला लावावी. खाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर तो दोष गिलाव्यानंच काढायचा. पुट्टीनं खड्डे भरायला गेलं की ती तडकते. पुट्टीचे दोन पातळ हात, 180 आणि मग 320 नंबरचा पॉलिश पेपर. त्यानंतरची परीक्षा रात्री. सगळे दिवे बंद करून एक टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरका धरायचा. दिवसा गुळगुळीत वाटणाऱ्या भिंतीवर टेकड्या आणि दऱ्या उठतात. पेन्सिलीनं खुणा करायच्या, सकाळी रंगाऱ्याला दाखवायच्या. ही परीक्षा प्रायमरनंतर पुन्हा, आणि पहिल्या हातानंतर तिसऱ्यांदा. चांगला रंगारी या टॉर्चवर रागावत नाही. त्याला उलट बरं वाटतं, कारण घरमालक काय बघणार आहे हे त्याला कळतं.

गडद रंगाखाली पांढरा प्रायमर नको, त्याच रंगाच्या बाजूला झुकणारा करडा करून घ्यावा. नाहीतर डाळिंबी आणि पिवळे रंग चार हात घेऊनही खालचा पांढरा दाखवतात, कारण त्यांची झाकायची ताकदच कमी असते. बाकी गडद रंगांना तीन हात धरावेत. एका भिंतीचा हात एका दमात, ओल्या कडेवर ओली कड घेत पूर्ण करायचा; जेवायच्या सुट्टीला मध्येच थांबलेली रेघ सुकल्यावर कायमची राहते.

आणि भिंत छताला मिळते ती रेघ. जुना स्लॅब पाण्याच्या पातळीत नसतो. बारा फुटांत अर्धा इंच फरक अगदी सामान्य. लेझरनं सरळ रेघ मारली तर छत तिरकं दिसतं, छताबरोबर गेलं तर रेघ तिरकी. तोडगा असा की गडद रंग छताच्या दीड इंच खाली थांबवायचा आणि वरची पट्टी छताच्याच रंगात ठेवायची. मध्ये मोकळी जागा राहिल्यानं डोळा दोन रेघांची तुलना करत नाही. टेप लावून तिची कड बोटाच्या नखानं नाही तर प्लास्टिकच्या पातीनं दाबून बसवायची. मग टेपच्या कडेवर आधी छताचाच फिका रंग एकदा फिरवायचा. टेपखाली जे काही झिरपायचं ते फिकंच झिरपतं आणि फट बंद होते. तो सुकला की वरून गडद रंगाचे हात. शेवटचा हात ओला असतानाच टेप पंचेचाळीस अंशांत, स्वतःकडे, सावकाश ओढायची. सुकल्यावर ओढली तर रंगाचा पापुद्रा तिच्याबरोबर येतो.

उरलेला रंग लिटरभर तरी घट्ट झाकणाच्या लहान डब्यात, जवळजवळ तोंडापर्यंत भरून ठेवावा. डब्यात हवा जितकी कमी तितकं वर सायीसारखं कातडं कमी धरतं. झाकणावर खोली, भिंत, शेडचा नंबर, तारीख आणि मशीनच्या पावतीवरचा फॉर्म्युला लिहायचा. पहिल्या आषाढात टॉर्च घेऊन पुन्हा एक फेरी मारायची. खिडकीचे खालचे कोपरे, खाचांच्या रेघा, स्टीलच्या बीमखालची टोकं. जिथे भेग दिसेल तिथे पेन्सिलीनं तारीख घालून ठेवायची, आणि दिवाळीपर्यंत ती वाढते का ते बघून मगच डबा उघडायचा.